पैसे दिले म्हणजे फाइल आमची? माझ्या विणेकऱ्याच्या थ्रीडी मॉडेलचा अनुभव

‘हे पारंपरिक रूप आहे, त्यामुळे तुमच्या मौलिकतेच्या दाव्याची खात्री करता येत नाही.’ थ्रीडी मॉडेल विकणाऱ्या एका परदेशी साइटने मला हे उत्तर पाठवलं, तेही माझ्याच मॉडेलबद्दल. आता प्रकरण मिटलंय, पण या ओळीचा राग काही जात नाही. ऑर्डर घेऊन थ्रीडी मॉडेल करून देणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

एका भेटवस्तू विक्रेत्यासाठी मी झेडब्रश या डिजिटल शिल्प घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वारीतला विणेकरी केला होता. त्याच्या रेझिनच्या छोट्या मूर्ती निघणार होत्या. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की मूर्ती काढून विकायची परवानगी आहे, फाइल तिसऱ्या कुणाला द्यायची नाही, हक्क माझ्याकडे राहतील. काम झालं, पैसेही वेळेत आले. पुढची वारी जवळ आली तेव्हा ओळखीच्या एका प्रिंटिंगवाल्याने लिंक पाठवली. माझा विणेकरी, दुसऱ्याच्या नावाने, फाइल म्हणून विकायला ठेवलेला.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाले, “अहो ताई, पैसे मोजून दिलेत ना तुम्हाला? मग फाइल आमची. आम्ही प्रिंटिंगला दिली, पुढे त्याने काय केलं ते आम्हाला काय माहीत!”

हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, म्हणून कायद्याचं आधी सांगते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं. पैसे देऊन करून घेतलेला फोटो, चित्र, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग किंवा सिनेमा असेल, तर वेगळा करार नसल्यास तो करून घेणाऱ्याचा होतो. या यादीत शिल्प नाही. आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने करावे लागतात. मी अशी सही कधीच केलेली नव्हती. उलट माझं कोटेशन हीच कलम ३० मधली लेखी परवानगी, तीही मर्यादित. बिलावर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ लिहिलं म्हणून हक्क जात नाहीत.

साइटचा तक्रार फॉर्म सोपा होता. अमेरिकेच्या डीएमसीए या ऑनलाइन कॉपीराइटच्या कायद्यातलं ठरलेलं सगळं भरलं आणि मॉडेल लगेच उतरलं. मला वाटलं, संपलं. पण फाइल विकायला ठेवणाऱ्याने प्रतिदावा केला. ‘मूळ ग्राहकाची परवानगी आहे, आणि विणेकरी काही हिने शोधलेला नाही.’ असा प्रतिदावा आला की तक्रारदाराने कोर्टात दावा लावल्याचं कळवलं नाही, तर साइट १० ते १४ कामाच्या दिवसांत फाइल परत चढवू शकते. तशी ती चढलीच. मी काय अमेरिकेत दावा लावणार होते? आपल्याकडेही फार वेगळं नाही. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर साइट तो पुन्हा सुरू करू शकते.

मग सपोर्टचं चक्र सुरू झालं. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तेच उत्तर. मी करार पाठवला की ते मौलिकतेचा पुरावा मागत, मौलिकतेचा पाठवला की ग्राहकाची परवानगी विचारत. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत हे लिहून लिहून माझी बोटं दुखली. आणि दरम्यान फाइल विकली जात होती, ऐन वारीच्या तोंडावर!

विणेकरी माझा नाही, तो सगळ्यांचा आहे, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण बाजारातले विणेकरी सपाट पाटावर ताठ उभे असतात. माझा दिवेघाट चढतोय. बैठकच उताराची आहे, उजवी टाच उचललेली, अंगाचा भार पुढे, वीणा छातीशी ओढून घेतलेली, धोतराचा सोगा मागच्या पोटरीला चिकटलेला. हे मी घाटात उभी राहून पाहिलंय आणि मग घडवलंय. विषय सगळ्यांचा असतो, घडवणं कर्त्याचं असतं, आणि कॉपीराइट त्या घडवण्यावर असतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. ती इथे होती.

उलट बाजूचं उदाहरणही माहीत असू द्या. मेशवर्क्स विरुद्ध टोयोटा, अमेरिका, २००८. टोयोटाच्या गाड्यांची हुबेहूब डिजिटल मॉडेल्स जाहिरातीसाठी मेशवर्क्स या कंपनीकडून करून घेतली होती. एकेका गाडीला ८० ते १०० तास लागले होते. मॉडेल ठरलेल्या कामाबाहेर वापरली, अशी मेशवर्क्सची तक्रार होती, आणि तरी ते हरले. कारण हेतूच हुबेहूब नक्कल करण्याचा होता, स्वतःची भर नव्हती. म्हणून कुणी देवळाचा खांब किंवा मशीनचा भाग जसाच्या तसा करून मागितला, तर कॉपीराइटच्या भरवशावर राहू नका. तिथे करारातच सगळं बांधून घ्या.

पुराव्याचं सांगायचं तर एसटीएल, म्हणजे प्रिंटिंगला देतात ती फाइल, नुसते त्रिकोण असते, त्यावरून कर्ता कळत नाही. मी माझी आणि त्यांची अशा दोन्ही फाइली ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवल्या. डेसिमेशन, म्हणजे फाइल हलकी करायला त्रिकोण कमी करणं, करताना वीणेच्या एका खुंटीपाशी एक बारीक चिमटलेला त्रिकोण तयार झाला होता. त्यांच्या फाइलमध्ये त्याच जागी तोच त्रिकोण. शिवाय मी झेडब्रशमधल्या टप्प्याटप्प्याच्या फाइली उघडून, सबडिव्हिजनच्या (बारकाव्याच्या) पातळ्या खालीवर करून स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं. उतरवलेल्या एसटीएलमधून हे कुणाला दाखवता येत नाही. त्यामुळे टप्प्यांच्या फाइली कधीही पुसू नका आणि ग्राहकाला झेडब्रशची मूळ झेडटीएल फाइल देऊ नका.

मौलिकतेचा मुद्दा इथे सुटला. परवानगीचा सुटला तो विक्रेत्याच्या लेटरहेडवर. वकिलांच्या नोटिशीत कलम १७ आणि १९ वाचल्यावर शेठ नरमले. त्यांच्या माणसाने आधी ‘पन्नासच्या वर नग काढले की कॉपीराइट संपतो’ असंही ऐकवलं होतं. ते कलम १५(२), डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारख्या वस्तूंसाठी. मूर्ती हे शिल्प आहे, असं आमच्या वकिलांनी उत्तर दिलं. पण तुम्ही दिवा, पेनस्टँड, दागिना असं काही करत असाल तर हा मुद्दा खरोखर अंगावर येऊ शकतो. बाजारात आणण्याआधी, फोटो टाकण्याआधी डिझाइन नोंदणीचं विचारून घ्या, नंतर उपयोग नाही.

शेवटी शेठनी लिहून दिलं, ‘फाइल विकण्याची परवानगी आम्ही कुणालाही दिलेली नाही, तसा अधिकार आम्हाला नव्हता.’ प्रतिदाव्याचा पायाच गेला. ते पत्र पाठवल्यावर मॉडेल उतरलं ते कायमचं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा डोकं शांत होतं.

म्हणजे साइटशी वाद घालत बसण्याआधी ग्राहकाचं लेखी पत्र मिळवा, सगळ्यात जास्त वेळ तिथे वाचतो. ज्यांनी आधीच फाइल विकत घेतली त्यांच्याकडून ती परत येत नाही, हे मात्र आहे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, तरी आता मी अर्ज भरलाय. कलाकृतीला ५०० रुपये, वस्तूंसाठी वापरायची असेल तर २,०००, आणि तेव्हा ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं प्रमाणपत्रही लागतं. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. ज्यांचा हक्काशी संबंध येऊ शकतो त्यांना अर्जाची प्रत पाठवावी लागते. मी शेठना पाठवली आहे, सोबत त्यांच्याच पत्राची झेरॉक्स जोडून.