साहेबाची पाच नावे

पॅरिस ऑलिंपिकमधला भारत आणि ब्रिटन यांचा हॉकीचा उपान्त्यपूर्व सामना ४ ऑगस्ट २०२४ रोजी, रविवारी, आपल्याकडे भर दुपारी होता. त्या दिवशी दिव्यांची अवस असल्यामुळे घासूनपुसून लखलखीत केलेल्या समया पाटावर मांडलेल्या होत्या आणि कणकेच्या गोड दिव्यांवर तुपाची धार धरीत आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले, आपले दहाच जण उरले, आणि नेमक्या त्याच वेळी आईने विचारले, "हे इंग्लंडच ना? मग तिथे जीबीआर का लिहिले आहे?" ऑलिंपिकमध्ये ते ब्रिटन म्हणून उतरतात आणि विश्वचषकात इंग्लंड म्हणून, असे मी सांगितले, जानेवारी २०२३ मध्ये राउरकेल्यात शून्य-शून्य बरोबरी झाली ती इंग्लंडशीच, हेही सांगितले. "म्हणजे सोवळ्यातले नाव वेगळे आणि ओवळ्यातले वेगळे," आई म्हणाली आणि तिने माझ्या पानात आणखी एक दिवा वाढला.

नावांचा हा घोळ माझ्या फार जुन्या परिचयाचा आहे. शाळेत असताना मला तिकिटे जमवण्याचा नाद होता आणि दुरेघी वहीत डिंकाने चिकटवून मी त्यांची वाट लावत असे. ब्रिटनच्या टपाल तिकिटावर देशाचे नाव छापलेले नसते. चिकटवायच्या तिकिटाची प्रथा १८४० साली त्यांनीच सुरू केली, त्यामुळे स्वतःची ओळख करून देण्याची गरज त्यांना आजतागायत वाटलेली नाही. राणीचे डोके दिसले की मी ते तिकीट 'इंग्लंड' अशा पानावर चिकटवत असे. एकदा मात्र त्या डोक्याशेजारी इवलासा ड्रॅगन असलेले तिकीट हाती आले, आणि ड्रॅगन म्हणजे चीन हे पक्के ठाऊक असल्यामुळे मी ते बिनदिक्कत चीनच्या पानावर लावले. राणी तिथे कशी पोहोचली, हा प्रश्न मला पडला नाही. तो ड्रॅगन वेल्सचा, हे कित्येक वर्षांनी वेल्सच्या रग्बी सामन्यातले झेंडे टीव्हीवर पाहताना कळले, पण तोवर डिंक इतका घट्ट बसला होता की वेल्स कायमचे चीनमध्येच राहिले.

टपालात ज्या देशाला एकही नाव लागत नाही, त्याला मैदानावर मात्र पाच लागतात. फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार वेगळे संघ, कारण त्यांच्या चारही संघटना १९०४ साली स्थापन झालेल्या फिफाहून जुन्या आहेत आणि आपली चूल मोडायला कोणी तयार नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनचा एक पुरुष संघ बांधला, तोही शेवटी इंग्लिश आणि वेल्श खेळाडूंचाच झाला. क्रिकेटचे मंडळ इंग्लंड आणि वेल्स या दोघांचे, परंतु संघाचे नाव नुसते इंग्लंड. बिचाऱ्या वेल्सला युनियन जॅकमध्येही जागा नाही. त्या झेंड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे क्रूस आहेत, ड्रॅगन कुठेच नाही.

मला सर्वांत खटकते ते ऑलिंपिकमधल्या त्यांच्या संघाचे 'टीम जीबी', म्हणजे ग्रेट ब्रिटन, हे नाव. ग्रेट ब्रिटन हे बेटाचे नाव, उत्तर आयर्लंड समुद्रापलीकडे. म्हणजे संघात तिथले खेळाडू असतात आणि नावात नसतात. त्यांना ऑलिंपिकमध्ये ब्रिटन किंवा आयर्लंड यांतून निवड करता येते. त्या हॉकी सामन्याच्या आदल्याच दिवशी उत्तर आयर्लंडमधल्या न्यूटाउनार्ड्‌सच्या रीस मॅक्लेनाहनने जिम्नॅस्टिक्सच्या पॉमेल हॉर्स, म्हणजे मुठी लावलेल्या बिनडोक्याच्या घोड्यावरच्या कसरतीच्या, प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि वर चढला तो आयर्लंड प्रजासत्ताकाचा हिरवा, पांढरा आणि केशरी झेंडा. याच गड्याने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर आयर्लंडकडून सुवर्ण जिंकले होते, तेव्हा झेंडा होता पांढऱ्यावर तांबडा क्रूस आणि मधल्या तारकेत लाल पंजा असलेला, ज्याला १९७२ पासून कसलाही सरकारी दर्जा उरलेला नाही. माणूस एक, घोडा एक, आणि छातीवर हात ठेवायचा तो दोन निरनिराळ्या झेंड्यांसमोर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, तू आयर्लंडचा, तुला उत्तर आयर्लंडकडून खेळता येणार नाही, असे त्याला कळवले आणि पुढे ते मागेही घेतले. त्या मधल्या दिवसांत तो सरावाला जाताना कोणता सदरा घालत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपण मराठी माणसांनी हा प्रश्न एका शब्दात निकालात काढला होता. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटलंडचा, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही तिकडचाच, पण आपल्या लेखी सगळे इंग्रज. हल्ली मुले 'यूकेला' असतात, एवढाच काय तो बदल.

सामन्यात हरमनप्रीतने गोल केला, पाच मिनिटांनी ली मॉर्टनने बरोबरी साधली, आणि दहा जणांनी उरलेला सगळा वेळ खिंड लढवल्यावर शूटआउटमध्ये आपण चार-दोनने जिंकलो. "हरले एकदाचे इंग्रज!" असे म्हणत आईने टाळी वाजवली. मॉर्टन स्कॉटिश आहे, असे मी सांगणार होतो, पण ती तोवर समया आत नेऊन ठेवायला उठली होती.