जड असते का हो?

लष्कराच्या शस्त्रांचे प्रदर्शन पाहण्यासाठी एका रविवारी दुपारी मी उन्हात रांगेत उभी होते. रणगाड्यापाशी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होती खरी, पण सर्वांत लांब रांग लागली होती ती एका साध्या टेबलापुढे, कारण तेथे रायफल प्रत्यक्ष हातात धरू देत होते. टेबलामागच्या तरुण जवानाला जो तो एकच प्रश्न विचारत होता, "जड असते का हो?" जवान उत्तर न देता रायफल पुढे करी, आणि ती हाती येताच "अगं बाई, केवढी जड!" असा उद्गार ठरल्याप्रमाणे निघे. वस्तुतः वजन चार किलोंच्या आसपासचे. मंडईतून त्याहून अधिक ओझे या काकू दर आठवड्याला विनातक्रार वाहून आणत असणार. त्यानंतरचे विधीही ठरलेले होते. रायफल खांद्याला लागली की डावा डोळा आपोआप मिटे आणि उजव्या हाताचे बोट थेट चापावर जाई. जवान ते बोट हलकेच उचलून बाजूला ठेवी. पुढच्या माणसाचेही उचली.

"धक्का किती बसतो?" हा दुसरा प्रश्न, आणि "कानाला त्रास होतो का?" हा तिसरा. हात, खांदा आणि कान यांच्यापलीकडे कोणाचे कुतूहल गेले नाही. गोळी जेथे जाऊन पोहोचते त्या बाजूची चौकशी, निदान मी तेथे होते तोवर, कोणी केली नाही, आणि मलाही ती सुचली नव्हती.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी बंदुकीला हात लावलेला नाही, याचे काही श्रेय व्हाइसरॉय लॉर्ड लिटनला द्यावे लागेल. त्याच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट मिळाली. सूट पुढे गेली, स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, परवाना राहिला. तो राहिला हे उत्तमच झाले, असे माझे मत आहे. आमच्या सोसायटीत गाडी लावण्याच्या जागेवरून जे आवाज चढतात ते ऐकणाऱ्या कोणाचेही मत याहून वेगळे होणार नाही.

मात्र ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिच्याकडे मुलांचे लक्ष अधिक जाते, आणि मोठेपणीही ते पुरते निघत नाही. आमच्या लहानपणी ही हौस दिवाळीत टिकल्यांच्या बंदुकीवर भागे. लाल कागदी पट्टीची गुंडाळी आत बसवायची, चाप ओढला की टिकली फुटायची, आणि निम्म्या टिकल्या न फुटताच पुढे सरकायच्या. चौथ्या दिवशी बंदूक मोडे आणि उरलेल्या टिकल्या अंगणातल्या फरशीवर दगडाने फोडल्या जात. आजी ओसरीवर वाती वळत बसलेली असे. तिचे एरवी आमच्याकडे लक्ष नसे, परंतु कोणी ते टिनपाट भावंडावर रोखले की तिचा आवाज येई, "खोटी असली तरी माणसावर रोखायची नाही!" जन्मात बंदूक न पाहिलेल्या आजीला हा नियम कोणी शिकवला असेल, कोण जाणे, नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या दिवशी हेच सांगतात.

खरी बंदूक मी पाहिली ती कोकणात, मामाच्या घरी. माजघराच्या भिंतीवर, आमचे हात पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर, ती ठासणीची बंदूक टांगलेली असे. परवाना शेतीच्या रक्षणासाठी मिळालेला होता, कारण भात तयार होऊ लागले की रानडुकरांचे कळप रात्रीत खाचरे लोळवून टाकत. मामा कधीतरी ती खाली काढून पुसायला बसे, तेव्हा आम्ही सगळी भाचरे भोवती कोंडाळे करत असू. आधी नळीत दारू, तिच्यावर बोळा, मग छर्रे, आणि हे सारे गजाने ठासायचे, अशी कृती तो रंगवून सांगे. दारू मात्र कोठे ठेवली आहे ते कधी सांगत नसे. "मामा, एकदाच धरू दे ना," असे मी विनवले की तो म्हणे, "धरून काय करणार? माजघरात डुक्कर शिरलंय?" अखेर दस्त्याला हात लावण्याची परवानगी मिळे. दस्ता गुळगुळीत आणि गार असे, आणि तेवढ्यावर सुट्टी सार्थकी लागे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होई आणि भिंतीवर नुसता खिळा राही. मामाला त्या दिवसांत चुकल्याचुकल्यासारखे होत असावे. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

पुढे महाविद्यालयात एक मैत्रीण एनसीसीत गेली आणि पॉइंट टू टूच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, रायफलने गोळ्या झाडून आली. आम्ही तिला घेरून धक्क्याविषयी विचारले. "खांद्याला कळलंसुद्धा नाही," असे ती म्हणाली आणि आमची घोर निराशा झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले, त्या स्पर्धेतली रायफलही याच जातीची असते. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे, आणि त्यावर गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून नेम धरायचा. तेथे पाहण्यासारखे काही असेल तर ते नेमबाजाचे निश्चल उभे राहणे. आमच्याकडे चर्चा झाली ती रायफलीच्या किमतीची.

बंदूक धरणे म्हटले की मला आणखी एक धरणे आठवते, आणि मग वरच्या गमती पुढे सरकत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्यापाशी काठी होती. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी हातांनी पकडली आणि अंगात गोळ्या शिरत असतानाही ती सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. नळीच्या त्या बाजूला काय होते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. पोलीस दलात येण्यापूर्वी ते लष्करात होते.