तुम्ही विचारलंत म्हणून: बिडाच्या तव्याला साबण लावायचा का?

रविवारी कुणी आंबोळ्या खायला आलं की ताटावरून उठायच्या आत प्रश्न येतोच. "काकू, तुमच्या तव्यावरून आंबोळी अलगद सुटते, आमच्याकडे तव्यालाच धरून बसते. तुम्ही तवा ठेवता कसा? साबण लावता?" हातातलं उलथनं न सोडता मी "लाव गं, काही होत नाही" म्हणते. तेवढंच ऐकून घरी गेलेली मुलगी महिन्याभराने गंजलेल्या तव्याचा फोटो पाठवते. चूक माझी, अर्धं उत्तर दिल्याची. म्हणून आज पूर्ण लिहिते.

आधी एक सांगते, लोखंडी तवा वेगळा आणि बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, वेगळा. भाकरीचा लोखंडी तवा पत्रा ठोकून केलेला असतो, पडला तर पोचा येतो. बिडाचा तवा वाळूच्या साच्यात ओततात. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे शुद्ध लोखंडाला वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात तिथे बीड १,२०० च्या आतबाहेर पातळ होतं, साच्यात नीट उतरतं. पण त्याच कार्बनने ते ठिसूळही होतं.

हा ठिसूळपणा मी नवव्या वर्षी पाहिला. मे महिना, कुडाळजवळचं आजोळ. आजीने शेवटची आंबोळी काढून तवा चुलीवरून खाली ठेवला आणि ती वाटाण्याच्या उसळीकडे वळली. तिला मदत म्हणून मी कळशीतलं गार पाणी तव्यावर ओतलं. वाफेचा लोट उठला आणि त्यातूनच 'टक्क' असा कोरडा आवाज आला. वाफ विरली तेव्हा कानापासून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ दिसत होती. आजीने तवा उचलला तर दोन तुकडे झाले. ती तुटलेली कड अजून डोळ्यांसमोर आहे. वरून काळा तुकतुकीत तवा आणि आत राखाडी, दाणेदार, जाड्या मिठासारखी. मी रडायला लागले. आजी माझी बोटं उलटीसुलटी करून बघत म्हणाली, "तवो फुटलो तर फुटलो. तुजो हात भाजूक नाय मां?"

तो राखाडी रंग ग्राफाइटचा, हे पुष्कळ उशिरा कळलं. बिडात कार्बनचे बारीक पापुद्रे पसरलेले असतात. गार पाण्याने वरचा भाग झटकन आकसतो, आतला तापलेलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत पापुद्र्यांच्या कडेने चीर धावते. म्हणून तवा हाताला सोसेल इतका निवल्याशिवाय माझ्या घरात त्याला पाणी लागत नाही. साबणाचा विचार त्याच्यानंतर.

आता साबण. तव्यावरचा काळा थर म्हणजे मुरलेलं तेल, असं बहुतेकांना वाटतं आणि साबणाने ते धुऊन जाईल ही भीती तिथूनच येते. तेल तापलं की हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे कण एकमेकांत गुंफतात आणि कडक पातळ पापुद्रा धरतो. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल चोळून ठेवतात, ते वाळून बसतं, तसंच हे, फक्त विस्तवावर भराभर. एकदा गुंफण झाली की ते तेल राहिलेलं नसतं, त्यामुळे भांडी घासायच्या साध्या लिक्विडच्या दोन थेंबांनी काही बिघडत नाही. मी लावते, विशेषतः अंड्याचं काही केलं असेल तर. जपायचं ते तारेच्या घासणीपासून आणि रात्रभर सिंकमध्ये भिजत राहण्यापासून. बीड ओलं राहिलं की सकाळपर्यंत तांबूस होतं. धुतल्यावर फडक्याने पुसून पुन्हा गॅसवर दोन मिनिटं ठेवायचा, कडेचा ओलेपणा उडाला की थेंबभर तेल फिरवायचं. एवढंच रोजचं काम.

तेलाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. आम्ही कोकणातले, हात आपसूक खोबरेलाकडे जातो. पण खोबरेलात वाळून थर धरायचा गुण जवळजवळ नाही. तवा ठेवून दिला की ते चिकट राहतं आणि खवट वास मारतं. जवस चटकन धरतं, पण त्याचे थर जाड झाले की खपल्या निघतात, हे मी दोनदा करून बघितलं. मला सगळ्यात मानवलं ते घाण्याचं करडईचं. सोलापूरकडची एक शेजारीण आणून देते.

हे करडईचं कळलं तेही तवा उघडा पडल्यावरच. मी आठवडाभर गावाला गेले होते. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना तव्याचा काळा रंग म्हणजे साचलेला मळ वाटला. त्यांनी मायेने, तासभर खपून, तारेच्या घासणीने तो राखाडी लख्ख केला आणि मी आल्यावर कौतुकाने दाखवला. मी त्यांना काय बोलणार? दोघींनी मिळून तवा परत उभा केला. गंजाचे ठिपके चिंचेच्या कोळाने उतरवले, तवा धुऊन कडकडीत सुकवला. मग पाव चमचा तेल चोळायचं, कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं आणि धूर निघून थांबेपर्यंत तापवायचं. खिडक्या उघड्या ठेवून. निवला की पुन्हा. पाच वेळा केलं तेव्हा रंग तपकिरीवरून काळ्याकडे वळला. पुसून काढणं इथे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेल जास्त राहिलं की थर डिंकासारखा चिकट होतो. पुढे आठ-दहा दिवस त्यावर फक्त कांदा परतला आणि थालीपीठं लावली. आंबोळीला त्यानंतरच हात घातला.

आंबट पदार्थ तव्यात किंवा बिडाच्या कढईत शिजवू नका. चिंच, कोकम, टोमॅटो थर खातात आणि आमटीला लोखंडाची चव येते. लोखंड थोडं अन्नात उतरतं, ते चांगलंच. पण त्यावर विसंबून रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू नका. वांगं कढईत काळं पडतं ते मात्र बिघडलेलं नसतं. वांग्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की काळा रंग होतोच. मेंदी आपण लोखंडी कढईत भिजवतो ती याचसाठी.

आणि एवढं सगळं करूनही आंबोळी चिकटली, तर दोष बहुतेक वेळा घाईचा असतो. ॲल्युमिनियमपेक्षा बीड उष्णता पुष्कळ सावकाश पसरवतं. मोठ्या आचेवर मध्य जळतो, कडा गारच राहतात. मंद आचेवर सात-आठ मिनिटं द्या. पाणी शिंपडलं की थेंब तव्यावर नाचला पाहिजे. मग आच किंचित कमी करून अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा, पीठ घाला, झाकण ठेवा. कड स्वतःहून उचलली जाईपर्यंत उलथनं लावू नका. पहिली जरा फाटते, माझीसुद्धा. ती मी ओट्यापाशी उभी राहून, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खाते, तोवर तवा दुसरीसाठी बरोबर तापलेला असतो.