जुन्या लॅपटॉपवर पेटीचे ध्वनिमुद्रण : तिसरी नोंद

मागील नोंद मी मुद्रणात मध्येच उमटणाऱ्या ‘टिक्’ आवाजापाशी थांबवली होती. तो आवाज आता गेला आहे, मात्र ज्या हार्ड डिस्कवर मी महिनाभर संशय घेत होतो ती निर्दोष निघाली.

सामग्री तीच आहे : २०१२ साली घेतलेला, आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला लॅपटॉप, त्यावर लिनक्स व आर्डोर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, माइकचा आवाज संगणकात नेणारा दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत शेजारच्या नानांची पेटी. पट्ट्या जुन्या असल्यामुळे त्यांचाच आवाज माइकमध्ये येत असावा, अशी शंका मी भीतभीत बोलून दाखवली, तेव्हा नाना म्हणाले, “अरे, माझी पट्टी खडखडते, टिकटिकत नाही.” पडद्यावर आवाजाची लहर मोठी करून पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पटले. खडखडाटाची लहर उसळून हळूहळू विरते; इथे मात्र रेघ मध्येच तुटून पुढे भलत्याच उंचीवर सुरू झाली होती, म्हणजे तेवढे नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) संगणकाने घेतलेच नव्हते.

मग मी साधा हिशेब मांडला. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० नमुने), २४ बिट (नमुन्याला तीन बाइट) आणि दोन चॅनेल धरले तर सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला साधारण एक जीबी माहिती लिहावी लागते, आणि हे काम जुनी डिस्कही सहज करते. खरी अडचण वेळेची होती. बफर, म्हणजे प्रोसेसरने उचलेपर्यंत आवाज साठवणारी तात्पुरती जागा, २५६ नमुन्यांचा असेल तर दर ५.३ मिलिसेकंदांनी प्रोसेसरला आवाजाकडे वळावेच लागते, आणि त्या क्षणी दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने (यंत्रभाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) त्याला अडवून ठेवले तर पूर्ण क्षमता मोकळी असूनही मुद्रणात खाडा पडतो. आर्डोरमध्ये प्रोसेसरवरचा भार कमी दिसत असताना एक्सरनचा, म्हणजे अशा खाड्यांचा, आकडा मात्र वाढत होता, याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

अडवणारा होता वाय-फाय. ‘आरएफकिल’ या लिनक्सच्या आज्ञेने तो बंद करून नानांचे वीस मिनिटांचे वादन घेतले, तेव्हा एकही एक्सरन आला नाही, वाय-फाय सुरू करताच काही मिनिटांत टिकटिक परतली. त्यानंतर प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवला, स्वतःला ‘ऑडिओ’ गटात घालून रिअलटाइम प्राधान्य (आवाजाचे काम इतर कामांच्या आधी होण्याची मुभा) मिळवले आणि बफर १०२४ केला. त्यामुळे येणारा २१ मिलिसेकंदांचा विलंब आम्हाला जाचत नाही, कारण वाजवणारा हेडफोनवर थेट इंटरफेसमधून स्वतःला ऐकतो. कमीत कमी बफरचा हट्ट आपण मंडळी उगाच धरतो, असे माझे मत झाले आहे. सॉफ्टवेअरमधून गिटारला इफेक्ट द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

एवढे झाल्यावर शांततेत ५० हर्ट्झची घरघर ऐकू येऊ लागली. चार्जर काढताच ती थांबली, पण टिकटिक पुन्हा सुरू झाली, आणि त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. बॅटरीवर जाताच वीज वाचवणारी सेवा गव्हर्नर गुपचूप ‘पॉवरसेव्ह’वर नेत होती. ती सेवा काढून टाकली आहे. बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटे टिकते, तेवढ्यात नानांचे तीन अभंग निवांत होतात.

पुढच्या रविवारी याच मुद्रणावर तबला चढवायचा आहे, म्हणून इंटरफेसचे आउटपुट केबलने इनपुटला जोडून जाण्यायेण्याचा विलंब मोजला आणि तो आर्डोरमध्ये नोंदवला, म्हणजे नंतर भरलेला तबला पेटीच्या मागे पडणार नाही. मुद्रणात आता फक्त लोकलचा भोंगा उरला आहे. ठाण्याला १८५३ पासून गाडी येते, तेव्हा माघार आम्हीच घेऊन मुद्रणाची वेळ रात्री साडेअकरानंतरची ठरवली आहे.