एटीटायनी ८५ चे वन-वायर उपकरण आणि लिनक्सने ठरवलेली वेळ

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर रास्पबेरी पायला जोडणे आता अवघड राहिलेले नाही. बूटच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि डेटाची तार व ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा पुल-अप (तार वर खेचून ठेवणारा) रेझिस्टर लावला की तापमान मिळू लागते. परंतु त्याच तारेवर मीटरचे पल्स मोजणारे स्वतःचे उपकरण हवे असेल, तर मायक्रोकंट्रोलरलाच वन-वायर या, म्हणजे एकाच डेटा तारेवर चालणाऱ्या, संवाद-पद्धतीतील स्लेव्ह (मास्टरने विचारल्यावरच उत्तर देणारे उपकरण) बनवावे लागते. एटीटायनी ८५ ही आठ पिनांची, ८ किलोबाइट फ्लॅश आणि ५१२ बाइट रॅम असलेली चिप त्यासाठी पुरेशी आहे. कोडही फार मोठा होत नाही. कस लागतो तो वेळ पाळताना, आणि ती वेळ प्रत्यक्षात कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, ड्रायव्हरने ठरवलेली असते, म्हणून फर्मवेअर (चिपमधील प्रोग्राम) लिहिण्याआधी त्या ड्रायव्हरचा कोड वाचावा असा माझा आग्रह आहे.

साधनांची तयारी थोडक्यात उरकते. एव्हीआर-जीसीसी (कंपायलर), एव्हीआर-लिबसी (लायब्ररी) आणि एव्हीआरड्यूड (चिपवर कोड लिहिणारा प्रोग्राम) ही तिन्ही पॅकेजे बहुतेक डिस्ट्रिब्यूशनमध्ये असतात. यूएसबीएएसपी प्रोग्रामर वापरत असाल तर प्रत्येक वेळी सुडो लावण्यापेक्षा व्हेंडर क्रमांक १६सी० आणि प्रॉडक्ट क्रमांक ०५डीसी यांच्यासाठी यूडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) एक नियम लिहून ठेवावा. चिप जोडल्यावर प्रथम सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) वाचावी. ती १ई ९३ ०बी अशी आली पाहिजे. ती येत नसेल, तर जोडणीला दोष देण्यापूर्वी प्रोग्रामिंगचा वेग तपासावा. नवी चिप क्लॉकला आठने भागणाऱ्या फ्यूजमुळे (फ्यूज म्हणजे चिपमध्ये कायम राहणारे सेटिंग) १ मेगाहर्ट्झवर चालत असते आणि प्रोग्रामिंग क्लॉक तिच्या क्लॉकच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावे लागते, त्यामुळे एव्हीआरड्यूडच्या मोठ्या बी पर्यायाने वेग उतरवावा लागतो. सिग्नेचर मिळाली की लो फ्यूज ६२ वरून ई२ करावा, म्हणजे चिप ८ मेगाहर्ट्झवर येते. रीसेट पिन बंद करणाऱ्या फ्यूजला मात्र हात लावू नये, कारण त्यानंतर हाय-व्होल्टेज प्रोग्रामरशिवाय चिप पुन्हा लिहिता येत नाही.

आता वेळेचा हिशेब. वन-वायरमध्ये कोणीही तार वर ढकलत नाही. मास्टर आणि स्लेव्ह दोघेही ती फक्त खाली ओढतात किंवा सोडून देतात. एटीटायनीमध्ये त्यासाठी पोर्टचा बिट कायम शून्य ठेवून केवळ दिशा बदलायची. लिनक्सचा जीपीआयओ ड्रायव्हर बिट वाचताना तार ६ मायक्रोसेकंद खाली धरतो, सोडतो, आणखी ९ मायक्रोसेकंद थांबतो आणि मग पाहतो. म्हणजे उपकरणाला शून्य पाठवायचे असेल, तर तार पडल्यापासून १५ मायक्रोसेकंदांच्या आत ती ओढलेली असलीच पाहिजे. ८ मेगाहर्ट्झवर हे १२० क्लॉक (चिपच्या घड्याळाचे ठोके) होतात. मास्टरने तार सोडण्यापूर्वीच ती पकडायची असेल, जे मला अधिक स्वच्छ वाटते, तर हातात केवळ ४८ क्लॉक उरतात.

हे ४८ क्लॉक कसे संपतात ते असेंब्लीच्या लिस्टिंगमध्ये दिसते. इंटरप्टला (तार पडताच चालू काम थांबवणाऱ्या सूचनेला) प्रतिसाद देण्यातच किमान चार क्लॉक जातात, पुढे व्हेक्टरची उडी असते. इंटरप्ट रुटीनमधून दुसरे एखादे फंक्शन बोलावले आणि ते इनलाइन झाले नाही, तर कंपायलर त्या फंक्शनला वापरायची मुभा असलेली सगळी रजिस्टरे आधीच जपून ठेवतो. ती पंधराच्या आसपास असतात आणि प्रत्येक पुशला दोन क्लॉक लागतात. त्यानंतर पुढचा बिट कोणता हे ठरवत बसलो तर वेळ उरतच नाही. म्हणून पुढचा बिट आधीच्याच स्लॉटच्या (एका बिटासाठीच्या वेळेच्या) शेवटी काढून ठेवावा आणि इंटरप्टमध्ये शिरताच, गरज असल्यास, तार ओढावी. बाकीचा सगळा विचार नंतर. तार पडल्यापासून सुमारे ३० मायक्रोसेकंदांनी ती सोडली की स्लॉट पुरा होतो.

रीसेट, म्हणजे मास्टरने तार बराच वेळ खाली धरून दिलेली नव्या संवादाची खूण, ओळखण्याची युक्ती मला विशेष आवडते. टायमर-शून्यला आठचा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा घटक) दिला की एक टिक म्हणजे एक मायक्रोसेकंद होतो आणि आठ बिटांचा हा टायमर २५६ मायक्रोसेकंदांनी ओव्हरफ्लो होतो, म्हणजे भरून पुन्हा शून्यावर येतो. साधा स्लॉट १२० मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक काळ खाली राहत नाही, रीसेट किमान ४८० राहतो, त्यामुळे तार खाली असताना ओव्हरफ्लो झाला म्हणजे तो रीसेटच. तार वर गेल्यावर ३० मायक्रोसेकंद थांबून पुढे १२० मायक्रोसेकंद ती खाली धरावी. कर्नल तार सोडल्यापासून ७० मायक्रोसेकंदांनी पाहतो, तेव्हा त्याला हजेरी (उपकरण असल्याची खूण) नक्की दिसते. प्रत्येक बिट तारेच्या उतरत्या कडेपासून नव्याने मोजला जात असल्याने आतल्या ऑसिलेटरची थोडीफार चूक येथे खपून जाते आणि क्रिस्टलची गरज पडत नाही.

मास्टर तारेवरची उपकरणे शोधतो, त्या शोधाच्या वेळी उपकरणाने आपल्या ६४ बिटांच्या पत्त्यातला प्रत्येक बिट, मग त्याचा उलटा बिट पाठवायचा असतो आणि मास्टरने निवडलेली दिशा जुळली नाही तर पुढच्या रीसेटपर्यंत गप्प बसायचे असते. पत्त्यातील पहिला बाइट फॅमिली कोड, पुढचे सहा अनुक्रमांक आणि शेवटचा सीआरसी (चूक ओळखण्यासाठीचा तपासणी बाइट) असतो. हा सीआरसी जुळला नाही, तर कर्नल उपकरणाची नोंदच करत नाही. नोंद झाल्यावर सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) दिसणाऱ्या नावात अनुक्रमांकाचे बाइट तारेवरच्या क्रमाच्या उलटे असतात, हेही लक्षात ठेवावे. ०० ने सुरू होणारी भलतीच नावे उगवू लागली, तर बहुधा पुल-अप नाही किंवा सैल आहे.

फॅमिली कोड २८ घेऊन डीएस१८बी२० चे सोंग घेता येते, पण पल्सची संख्या तापमान म्हणून वाचत राहणे मला पटत नाही. कर्नलमध्ये ज्याला ड्रायव्हर नाही असा कोड घेतला, की उपकरणाच्या फोल्डरमध्ये आरडब्ल्यू नावाची फाइल मिळते. तिच्यात लिहिले की कर्नल रीसेट देतो, पत्ता (तारेवर एकच उपकरण असेल तर पत्ता वगळण्याची आज्ञा) पाठवतो आणि मग आपले बाइट पाठवतो. वाचले की रीसेट न देता पुढचे बाइट घेतो. ही फाइल पायथनमधून बफरिंग बंद करूनच उघडावी, अन्यथा मागितल्यापेक्षा कितीतरी अधिक बाइट तारेवरून ओढले जातात. शिवाय लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये कर्नलचा दर दहा सेकंदांनी होणारा शोध घुसू शकतो, म्हणून उपकरण एकदा सापडल्यावर मास्टरच्या फोल्डरमधील सर्चच्या फाइलमध्ये शून्य लिहून तो थांबवावा. उत्तराच्या शेवटी सीआरसी असावाच, परंतु तार जमिनीला चिकटली तर सगळे बाइट शून्य येतात आणि शून्यांचा सीआरसीही शून्यच असतो. त्यामुळे उत्तराचा पहिला बाइट कधीही शून्य नसणारा आवृत्ती क्रमांक ठेवावा आणि तो जुळला नाही तर ते वाचन टाकून द्यावे.