फुप्फुसात पाणी भरता, मग माणूस बुडत नाही का?

मी भूलतज्ज्ञ आहे. फुप्फुस धुवायच्या आदल्या दिवशी नातेवाइकांशी बोलायला बसले की हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा कापत असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आजाराचं नाव लांबलचक आहे, पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. दहा लाखांत साधारण ७ जणांना होतो. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंटचा स्निग्ध थर असतो. जुना थर उचलून न्यायचं काम मॅक्रोफेज पेशींचं. त्यांना कामाला लावणारं प्रथिन म्हणजे जीएम-सीएसएफ आणि या आजारात बहुतेकांचं शरीर त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. सफाई थांबते, थर साचत जातो, जिना चढताना धाप लागायला लागते. साचलेलं धुऊन काढायची ही पद्धत १९६०च्या दशकात होजे रामिरेझ-रिवेरा यांनी रुजवली.

आता बुडण्याचं. पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत दुहेरी नळी घालतो. तिची एक वाट डाव्या फुप्फुसाची, एक उजव्या. नळी जागेवर आहे ना, हे मी दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा बघते, कारण दोन्ही बाजू वेगळ्या ठेवण्याची सगळी भिस्त तिच्यावरच्या छोट्या फुग्यांवर असते. एका फुप्फुसाला ऑक्सिजन चालू. दुसऱ्यात अंगाइतकं कोमट सलाईन, एका वेळी साधारण एक लिटरपर्यंत (साधं पाणी नाही, ते रक्तात ओढलं जातं). मग छातीवर थापट्या आणि पाणी बाहेर. परतीच्या पाण्यात बुडबुडे दिसले की मी सगळ्यांना थांबवते. कुठेतरी हवा गळतेय.

मला स्वतःला पहिल्यांदा थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. फुप्फुस पाण्यानं भरलेलं असतं तेव्हा ऑक्सिजनचा आकडा बहुधा वर जातो! पाण्याच्या दाबानं तिथलं रक्त श्वास चालू असलेल्या बाजूला ढकललं जातं. घसरतो तो पाणी काढताना. माझी खरी परीक्षा तेव्हा.

अँटिबॉडी यानं जात नाहीत. काहींना पुन्हा धुवावं लागतं, काहींना जीएम-सीएसएफ वाफेतून देतात. दुसरं फुप्फुस सहसा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी धुतो.

एका बाजूला १५-२० लिटर सहज लागतात, कधी त्याहून जास्त. भरलेल्या बाटल्या आम्ही ओळीनं मांडतो. पहिली दुधासारखी, तळाशी जाड साका. पुढे पुढे ताकासारखी, मग पातळ, शेवटची नितळ. एका आईला ती ओळ दाखवली होती. पहिल्या बाटलीवर हात ठेवून ती म्हणाली, "हे एवढं घेऊन तो कामावर जात होता?"