लाल आकडा

सहा बैठका झाल्या तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी ॲप काकूंसाठी नाही, त्यांच्या पोरासाठी बनवत होतो.

गाव राळेगाव तालुक्यातलं, माझंच. पुण्याची नोकरी घरून करायची मुभा मिळाली, तेव्हा उपकेंद्रातल्या आशाताई म्हणाल्या, शुगरवाल्यांसाठी मोबाईलमध्ये काहीतरी करून दे. मी आठवडाभरात गोळीचा अलार्म, साखरेचा आलेख, 180च्या वर गेलं की आकडा लाल, असं सगळं करून ठेवलं. फार खूश होतो स्वतःवर.

शाळेच्या व्हरांड्यात पहिली बैठक. अलार्म वाजवून दाखवला. एक काकू म्हणाल्या, "मोबाईल पोराजवळ रायते बाबू, मी वावरात. तो कोणाले उठवन?" कापूस वेचणीच्या दिवसांत त्या सकाळी सातलाच निघतात, डब्बा अकराला खातात. गोळी जेवणासोबतची, अन् माझा अलार्म आठचा. तो काढला. त्याऐवजी आशाताईंच्या सूचनेवरून गोळ्यांची पुडी डब्ब्यातच ठेवायचं ठरलं. त्याला ॲप लागत नाही.

मग कोड लिहिणं थांबवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं स्क्रीन काढून न्यायचो, पेन्सिल त्यांच्या हातात. एका आजोबांनी आलेखावर सरळ काट मारली. डॉक्टर पाहतात तो तीन महिन्यांच्या सरासरीचा एचबीएवनसी, मग रोजच्या टेकड्या कशाला, असा त्यांचा सवाल. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

पण लाल आकड्याची गोष्ट वेगळी. काकूंच्या वहीत आशाताईंच्या हातचं 212, ॲपमध्ये त्याच सकाळचं 132. मला वाटलं बोट चुकलं. मागची पानं चाळली तर आठ नोंदी तशाच. काकू पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "लाल दिसलं का पोट्टा खेकसते. काय खाल्लं, कोणाच्या घरी खाल्लं. म्हणून कमीच लिवतो मी." (माझ्या मायच्या तपासणीच्या चिठ्ठीवर मीही असाच तुटून पडतो. तिथं बोललो नाही.)

लाल काढला. आता आकडा काळाच राहतो, काय करायचं ते ॲप बोलून ऐकवतं: 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आवाज आशाताईंचा, वऱ्हाडीत. अन् नोंदी पाहायच्या तर काकूंचा चार आकडी नंबर लागतो. पोराला तो आवडला नाही.

सगळ्यात जास्त वाद उपासावर झाला. हरतालिकेला पाणीही न पिता राहतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोक्याइतकी उतरू शकते, नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीने सहसा नाही. बायकांचं म्हणणं, ॲपनं सांगावं गोळी घ्यायची का नाही. डॉक्टरांनी मात्र बजावलं, हे मोबाईलनं ठरवायचं नाही. शेवटी आठ दिवस आधी एकच प्रश्न ठेवला: "उपास येते काय? गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरले इचारा." दोघींनी विचारलं. बाकीच्या म्हणे, उपास सोडायला सांगतील म्हणून गेल्याच नाहीत.

पुढची बैठक वेचणी उरकल्यावर. त्याआधी कोणाला वेळ नाही.